लांब मानेची सायकल

माझं अक्षर मुळातच वाईट. चौथीनंतर हातात पेन कमी आणि सुई जास्त आली. वेलांटी कुठे लांब द्यायची आणि कुठे आखूड, ते मला अजून नीट कळत नाही. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी चुकून कुणाच्या हाती पडलं तर त्याने सांभाळून घ्यावं. माझी मुलगी रेणू म्हणते, "आई, तू बोलत नाहीस, निदान लिही तरी." म्हणून टॉवेलांचा गठ्ठा बाजूला सारून बसले आहे.

हुरड्याचे दिवस परत आले. आमच्या सोलापुरात थंडी बेताचीच, पण पौषात एक कोरडं वारं सुटतं. त्याला ज्वारीच्या ओल्या पानांचा वास असतो आणि कुठल्यातरी बांधावर पेटलेल्या आगटीचा धूर असतो. रस्त्याच्या कडेला कोवळ्या कणसांच्या जुड्या येतात. लोक गाड्या करून शेतात जातात, गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजून, तळहातावर चोळून, शेंगाचटणीबरोबर खातात. मी जात नाही. मी घरी मशीनवर टॉवेलांच्या कडा दुमडत असते. तेव्हा दारातून ते वारं आत येतं आणि भिंतीला टांगलेल्या सायकलीचं पुढचं चाक हळूच फिरवतं. कुणी हात लावलेला नसतो. चाक थोडं पुढे जातं, थांबतं, काही आठवल्यासारखं थोडं मागे येतं. ते पूर्ण थांबेपर्यंत माझा पाय मशीनवर चालत नाही.

सायकल साधी दूधवाल्याची नव्हे, शर्यतीची आहे. बारीक लोखंडी नळ्यांची, आणि हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. पुण्याच्या कुणा साहेबाची ती जुनी सायकल यासीनचाचांच्या दुकानात धूळ खात पडली होती. आमच्या मालकांनी, म्हणजे रेणूच्या वडिलांनी, लग्नाआधी चाचांकडे संध्याकाळची पंक्चरं काढली आणि त्याबदल्यात ती घेतली. मालक सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. सोलापुरात टॉवेलच्या मागावर कामाला आले, आणि सुट्टी मिळाली की गावोगावच्या जत्रांत सायकलीच्या शर्यतीला उतरायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा खोलीत भांडी कमी आणि जिंकलेल्या ढाली जास्त होत्या.

त्या शिंगांच्या आणि सायकलीच्या मध्ये एक तुकडा असतो. त्याचा उभा भाग पुढच्या नळीत खाली उतरतो आणि आडवा भाग पुढे येऊन हँडल धरतो. चाचा त्याला स्टेम म्हणतात. मी मान म्हणते. आमच्या सायकलीची मान लांब आहे. तहानलेल्या मेंढराने हौदावर काढावी तशी ती पुढे निघालेली दिसते.

मालक गेल्यावर मी त्यांचा फोटो फारसा पाहिला नाही. फोटोत ते घाबरल्यासारखे दिसतात. मी ती मान पाहायची. माझं कामच मापाचं. शर्टाची बाही हातात घेतली की माणूस केवढा असेल ते मला सांगता येतं. तसं त्या सायकलीच्या सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर म्हणजे मला त्यांचे हात वाटायचे. माणूस गेला, शर्ट विरले, चपला कुणीतरी मागून नेल्या. हातांची लांबी मात्र भिंतीवर होती तशी राहिली होती. कुणी सायकल विकत मागायला आलं की मी बोलायचे नाही, फक्त दार थोडं पुढे करायचे.

लग्नानंतरचा पहिला हुरडा मला सगळा आठवतो. होटगी रोडच्या पुढे मालकांच्या मित्राचं शेत होतं, तिथे जायचं होतं. शर्यतीच्या सायकलीला मागे कॅरिअर नसतं. बसायचं तर पुढे, दांडीवर, त्यांच्या दोन हातांच्या मध्ये. भर रस्त्यातून. मी आधीच अशी, की दुकानात जाऊन मीठ मागायलासुद्धा घाम फुटायचा. शेजारच्या लक्ष्मक्का दारात सूत गुंडाळत बसल्या होत्या. त्यांचं घर तेलुगू विणकरांचं, जीभ मात्र सगळ्या भाषांत धारदार.

"एम्मा, अशी का बसलीस अवघडून? दळणाचा डबा बी असाच दांडीवर नेत्यात की."

"डबा गप बसतो, अक्का," मालक म्हणाले.

"हीबी गपच हाय. सांडू नको म्हंजे झालं."

पण त्या वेळी माझा जीव नकोसा झाला. हँडल वळलं की गुडघ्याला लागायचं. मागे सरकावं तर पाठ त्यांच्या छातीला टेकायची आणि लोक बघतात असं वाटायचं. पुढे वाकावं तर हँडल पोटात. चौकाच्या पुढे मी उतरलेच.

"मी चालत येते."

"लांब हाय गं."

"असू दे. चालते."

मग मी चालले आणि तेही सायकल हातात धरून माझ्या शेजारून चालले. शेतात पोचलो तेव्हा आगटी विझत आली होती आणि सगळ्यांची बोटं काळी करून झाली होती. कुणीतरी आमच्यासाठी चार कणसं झाकून ठेवली होती.

पुढच्या सुट्टीला ते म्हणाले, "बस की. बघ तरी." मी नाइलाजाने बसले. आणि खरंच, जागा झाली होती. गुडघ्याला काही लागलं नाही. माझी पाठ आणि त्यांची छाती यांच्यामधून वारं जायला वाट होती.

"जमलं की," ते म्हणाले.

"जमलं," मी म्हणाले. मला वाटलं, मला बसायची सवय झाली.

त्या मोसमात आम्ही फार फिरलो. दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढी ज्वारी, पानं पानांवर घासत असलेली, पाखरं हाकणाऱ्या बायकांची आरोळी, आणि खाली साखळीचा बारीक आवाज. माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्यांचे हात असायचे. मनगटावर मागावरचा कापूस चिकटलेला असायचा. हँडलला त्यांनी चादरीची लाल किनार गुंडाळली होती. ते मागून बोलायचे, त्यांचा श्वास माझ्या भांगावर यायचा. आणि मी, जी कुणाशी बोलत नाही, ती बोलायची. माहेरचं, शाळेचं, चौथीत बाईंनी सगळ्यांसमोर फळ्यापाशी उभं केलं होतं तेव्हाचं. सगळ्या संसारात मी त्यांच्याशी सगळ्यात जास्त बोलले ते असं, तोंडाकडे न बघता.

त्याच थंडीत ते हरायला लागले. आधी दुसरे आले, मग मागे मागेच राहू लागले. गावी आगटीभोवती सगळे बसले असताना त्यांच्या एका मित्राने सरळ विचारलं, "लगीन झालं आन् मांड्यातलं बळ गेलं, व्हय रं?"

"वारं लई व्हतं समोरनं," मालक म्हणाले आणि कणीस फिरवत बसले.

"वारं काय ह्याला एकट्यालाच व्हतं?" मित्र म्हणाला. सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या विस्तवाकडे बघत म्हणाल्या, "पोरीचा पाय घरात पडला आन् ढाल यायची बंद झाली. आमी काय बोलायचं."

मी कणीस चोळत होते. तळहात भाजला तरी चोळत राहिले. पायगुण हा शब्द त्यांनी तोंडाने काढला नाही, पण त्या दिवसापासून तो माझ्या घरात माझ्याआधी उठायला लागला. चहाचं पातेलं उतू गेलं तरी तोच, मागाचा पट्टा तुटला तरी तोच.

शर्यतीहून आले की मालक दोन्ही हात झटकायचे, करंगळीच्या बाजूने, पाणी उडवल्यासारखे. "मुंग्या आल्या," म्हणायचे. मागाच्या कामाने होत असेल, असं मी धरून चालले. तेल कोमट करून बोटं चोळून द्यायची. पुढे त्यांनी शर्यती सोडल्या, फक्त सकाळची फेरी ठेवली. हात झटकणं राहिलंच.

रेणू रांगत होती. अशाच दिवसांत एका सकाळी ते फेरीला गेले आणि आले नाहीत. ज्वारीच्या एका शेताच्या बांधावर, लिंबाखाली बसलेले सापडले. सायकल झाडाला नीट टेकवून ठेवलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. शेतमालकाने टेम्पोतून सायकल घरी आणून दिली. तिला ओरखडासुद्धा नव्हता. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग मी तिला भिंतीवर चढवली.

रेणू आता एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला आहे. तिला बाप आठवत नाही. जुन्या सायकली दुरुस्त करून सकाळी फिरणारी काही पोरं-पोरी तिच्या ओळखीची झाली, आणि या दिवाळीनंतर तिने भिंतीकडे बोट केलं.

"नुसती राखण किती करायची तिची? मला चालवू दे की."

मी दिली. टायर, ट्यूब, ब्रेकच्या तारा, काय हवं ते नवीन घाल म्हणाले. फक्त मान बदलायची नाही. रेणूला वाटलं, एवढंच ना.

पहिल्या सकाळी ती परत आली, सायकल दाराला टेकवली आणि तिने दोन्ही हात झटकले. करंगळीच्या बाजूने. पाणी उडवल्यासारखे.

माझ्या हातात तांब्या होता, तो मी खाली ठेवला. या पोरीने बापाला असं करताना कधी पाहिलेलं नाही. तिला कुणी दाखवलेलं नाही. त्या दिवशी मला दारात एक माणूस जास्त उभा असल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तिने तसंच केलं. मग मी त्या वेळेला काम टाकून दारात उभी राहायला लागले. तिला वाटायचं, आई काळजीने उभी राहते. मी ते हात बघायला उभी राहायची.

मग एका संध्याकाळी ती जेवता जेवता म्हणाली, "करंगळी बधिर झालीय, आई. आज हातातनं रक्ताची नळी पडली. कुणाच्या तरी अंगातलं परत काढावं लागलं. सगळ्यांसमोर ऐकून घेतलं मी." तिने मान एका बाजूला वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही. "एक तर हँडल जवळ घेऊ, नाहीतर सायकल परत टांग. मला नोकरी हाय."

म्हणून आम्ही यासीनचाचांकडे गेलो. चाचा आता म्हातारे झालेत, पण दुकान तेच, छतापासून रिमा लोंबत असलेल्या. त्यांनी सायकल ओळखली. तिला भिंतीशी उभी केली आणि रेणूला म्हणाले, "बेटी, कोपर इधर लगा." सीटच्या नाकाला तिने कोपर टेकवलं आणि हात पुढे सरळ केला. तिच्या बोटांच्या पुढे चार बोटं जागा मोकळी राहिली.

"देखो. बोटाला हँडल लागाया पायजे. दोन बोटं कमी असलं तरी चलता. ये तेरे वास्ते नै."

"तिच्या वडिलांच्या मापाची आहे ना," मी म्हणाले.

"नै भाभी. उनके माप की बी नै."

चाचांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमको मालूम नै? मेरेकू लगा, तुम्हाला ठावं हाय." त्यांनी मालकांचं नाव घेतलं. मी ते इथे लिहीत नाही, सवय नाही. "शादी के बाद आया. म्हन्ला, चाचा, लांब स्टेम टाका. मैं बोल्या, पागल है क्या? हात ताणंगे, मुंग्या येतील, शर्यत हारशील. तो म्हन्ला, बायको दांडीवर बसत न्हाय, जागा कमी पडती. लाजती."

"मग शर्यतीपुरती बदलायची ना," रेणू म्हणाली.

"ये नये जमाने का हँडल नै बेटी, समोरून खोलायला. हँडलवरची पट्टी सोडायची, ब्रेक की मूठ निकालो, मग आख्खं शिंग सरकवत बाहेर काढायचं. तरी मैं बोल्या, आदल्या दिशी आणत जा, मैं करके देता. एकदा आणली. परत नै आणली. म्हन्ला, ऱ्हाऊ द्या चाचा. परत बसवून हुईपर्यंत ती चालत जाती."

आम्ही सायकल तशीच घरी आणली. रेणूने ती मला न विचारता भिंतीला टांगली. "तुला नको असेल तर नको," एवढंच म्हणाली आणि कामाला गेली.

मी मशीनवर बसले, पण शिवण धड पडेना. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. ढाली माझ्यामुळेच बंद झाल्या. सासूबाईंना कारण माहीत नव्हतं, पण त्यांचं बोट बरोबर माणसाकडे होतं. आणि रेणूच्या हातांत जे मला दिसत होतं, तो तिचा बाप नव्हता. जो कुणी त्या सायकलीवर बसला असता त्याने तसेच हात झटकले असते. मी रोज दारात उभी राहून एका लोखंडाच्या तुकड्याचं दुखणं बघत होते.

आणि भिंतीवर होते ते त्यांचे हातही नव्हते. ती माझी जागा होती. त्यांनी स्वतःला ताणून ती केली, आणि मी ती इतकी वर्षं रिकामी टांगून ठेवली.

राग पण आला. सांगायला काय झालं होतं? पण सांगितलं असतं तर मी म्हणाले असते, असू दे, चालते. ते त्यांना माहीत असणार. मला ज्याचा विचार करवत नाही ते वेगळंच आहे. मांडीवर रेणू आल्यावर मी दांडीवर बसायचं सोडलं होतं. शेवटच्या सकाळी ते एकटे होते. पुढे कुणी नव्हतं, तरी हात तेवढेच लांब करून त्यांनी सायकल चालवली. मी बसलेली असल्यासारखी.

वाऱ्याने चाक फिरलं. मी ते थांबायची वाट पाहिली नाही. उठून हाताने धरलं.

दुसऱ्या दिवशी रेणूला सुट्टी होती. "चल चाचांकडे," मी म्हणाले.

चाचांनी हँडलची पट्टी सोडायला घेतली तेव्हा मी त्यांना थांबवलं. मी नुसता दांडीवर हात ठेवला. चाचांना काय समजायचं ते समजलं. "मैं चाय बोलके आता," असं म्हणून ते बाहेर गेले.

"आई, काय करतेस?"

"मागनं धर."

मी साडी आवरून दांडीवर बसले. अंग आता जड झालंय, सायकल कुरकुरली. रेणू मागे सीटवर टेकली आणि दोन्ही बाजूंनी तिचे हात पुढे आले. मध्ये मी असल्यामुळे तिला आणखी वाकावं लागलं. बोटांची टोकं कशीबशी हँडलला लागली. तिचा श्वास माझ्या भांगावर आला. तिथे आता पांढरं आहे. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रेणू दिसली असती.

"बाबा असं धरायचे?"

"व्हय."

"होटगीपर्यंत?"

"त्याच्या पण पुढं."

ती थोडा वेळ तशीच राहिली. तिचे हात कापायला लागलेले मला दिसत होते. "लई अवघड आहे गं, आई," ती म्हणाली.

मी उतरले. चाचा चहा घेऊन आले, तेव्हा मीच म्हणाले, "काढा."

मान सहज निघाली नाही. चाचांनी तेल सोडलं, वाट पाहिली, वरच्या बोल्टवर लाकडी हातोडीने ठोकलं. सगळं दुकान त्या ठोक्यांनी हाललं. मग आत काहीतरी सुटल्याचा आवाज आला आणि मान वर आली. बाहेर दिसणारा भाग काळवंडला होता. नळीच्या आत राहिलेला भाग नव्यासारखा होता, त्याला वंगण तसंच होतं. चाचांनी ते फडक्याने पुसलं. मी तिकडे पाहिलं नाही, चहा प्यायले.

आखूड स्टेम बसवून झाल्यावर रेणूने कोपर सीटला लावलं. बोट हँडलला लागलं. ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. पाठ ताठ, मान मोकळी, कोपरं थोडी वाकलेली. ती बापासारखी दिसली नाही. रेणूसारखी दिसली. उतरल्यावर तिने हात झटकले नाहीत, केस बांधले.

"ये लेके जाव, भाभी," चाचा जुनी मान कागदात गुंडाळत म्हणाले. "घर में रखो. याद रहती."

"नको. इथंच ठेवा. कुणाला लागली तर द्या."

"कुणाला लागणार? इत्ती लंबी?"

रेणू ऐकत होती. "कुणाचं नवीन लग्न झालं असेल," मी म्हणाले, "आणि बायको लाजत असेल तर."

चाचांनी कागद परत सोडला आणि ती मान दुकानात समोरच, येणाऱ्याला दिसेल अशा खिळ्याला अडकवली.